वादळात छताचे नुकसान आणि घराचा विमा: सोलापूरकरांसाठी मार्गदर्शन

सोलापुरात वळीव येतो तो बहुधा एप्रिल-मे महिन्यांत, उन्हाने घर तापून निघाल्यावर, दुपार कलता कलता; आणि पावसाच्या आधी वारा येतो. त्या दहा-पंधरा मिनिटांत पत्रे उडतात, टाकी कलंडते, शेजारच्या लिंबाची फांदी कठड्यावर कोसळते. दुसऱ्या दिवशी घरोघरी एकच विचारणा सुरू होते की विमा असता तर हे पैसे मिळाले असते का. मिळाले असते, मात्र काही अटी पाळल्या असत्या तर. आमच्या भागातल्या काही कुटुंबांचे दावे कागदावर मांडायला मी मदत केली आहे आणि त्यातून माझे मत पक्के झाले आहे की छताच्या दाव्याचा निकाल बराचसा वादळाच्या आधीच लागलेला असतो. पॉलिसीत आपल्या छताचे वर्णन काय लिहिले आहे आणि वादळापूर्वी ते छत धड होते याचा पुरावा आपल्याकडे आहे का, या दोन गोष्टींवर पुढचे सगळे अवलंबून राहते.

पॉलिसीत काय मिळते

१ एप्रिल २०२१ पासून भारतातील प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीला राहत्या घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देणे विमा नियामकाने, म्हणजे इर्डाने, बंधनकारक केले आहे. या पॉलिसीचा मूळ मजकूर सर्व कंपन्यांत सारखाच असतो, म्हणून ‘अमक्या कंपनीत वादळ धरतात, तमक्या कंपनीत धरत नाहीत’ या चर्चेला या पॉलिसीपुरता अर्थ उरलेला नाही. फरक पडतो तो हप्त्याचा, सेवेचा आणि वरून जोडलेल्या ऐच्छिक संरक्षणांचा.

आग, स्फोट, वीज पडणे आणि भूकंप यांच्याबरोबर वादळ, चक्रीवादळ, झंझावात, पूर आणि पाणी साचून होणारे नुकसान ही संकटे या पॉलिसीत मुळातच धरलेली आहेत. त्यांसाठी वेगळा हप्ता भरावा लागत नाही. बाहेरून येऊन आदळणाऱ्या वस्तूमुळे होणारे नुकसानही त्यात येते. त्यामुळे झाड पडून छत फुटले, किंवा शेजाऱ्याचा उडालेला पत्रा आपल्या भिंतीवर येऊन आदळला, तरी दावा करता येतो. पाण्याची टाकी फुटून किंवा भरून वाहून झालेले नुकसानही धरले जाते. छत उघडे पडल्यामुळे घटनेपासून सात दिवसांच्या आत घरात चोरी झाली, तर तीही याच पॉलिसीत बसते, ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते.

‘घर’ या शब्दाची व्याख्याही पुरेशी रुंद आहे. मुख्य बांधकामाबरोबर त्याच आवारातील व्हरांडा, पोर्च, कंपाउंडची भिंत, फाटक, वाहन लावण्याची जागा, बसवलेली पाण्याची टाकी आणि सौर पॅनेल यांचा त्यात समावेश होतो. आता घरोघरी गच्चीवर सौर पॅनेल बसत आहेत. वारा त्यांच्या खालून शिरतो आणि सांगाड्यासकट उचलून नेतो, तेव्हा विमा रक्कम ठरवताना त्यांची किंमत धरायला विसरू नये.

विमा रक्कम कशी काढायची, याविषयी सर्वांत जास्त घोळ होतो. जुळे सोलापुरातले घर आज पन्नास लाखांना विकले जाईल म्हणून पन्नास लाखांचा विमा काढायचा, हे चुकीचे आहे, कारण त्या पन्नास लाखांतली जमीन वादळाने कुठेही जात नाही. ही रक्कम चटई क्षेत्राला (बाहेरच्या भिंती सोडून आतल्या जागेच्या क्षेत्रफळाला) बांधकामाच्या चालू दराने गुणून काढतात. समजा, घराचे चटई क्षेत्र ६०० चौरस फूट आहे आणि तसेच घर आज पुन्हा बांधायला चौरस फुटाला १,८०० रुपये लागतात, तर रक्कम १० लाख ८० हजार होते. कंपाउंड, टाकी, पॅनेल यांचा खर्च त्यात वेगळा मिळवावा. इमारतीबरोबर घरातील सर्वसाधारण सामानाचेही संरक्षण घेतले की वेगळी यादी न देता इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत, सामान आपोआप धरले जाते. या उदाहरणात ते २ लाख १६ हजार होते. छत उडून पावसात गादी, टीव्ही, धान्य भिजले तर हाच भाग कामी येतो.

जुन्या पॉलिसींमध्ये विमा कमी रकमेचा काढला असेल तर दाव्याची रक्कमही त्याच प्रमाणात कापली जात असे. भारत गृह रक्षा पॉलिसीत ही कपात केली जात नाही, आणि सर्वसामान्य कुटुंबाच्या दृष्टीने हा या पॉलिसीतला सर्वांत मोठा दिलासा आहे असे मी मानतो. पॉलिसी एका वर्षापेक्षा जास्त मुदतीची घेतली तर इमारतीची रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते. दाव्याच्या रकमेवर वास्तुविशारद किंवा अभियंत्याच्या शुल्कासाठी ५ टक्क्यांपर्यंत आणि राडारोडा हलवण्यासाठी २ टक्क्यांपर्यंत खर्च मिळतो.

छताचे खरे वर्णन द्या

सोलापुरात छताचे प्रकार पुष्कळ आहेत आणि प्रस्ताव अर्जात मात्र ‘पक्के बांधकाम’ एवढ्यावर भागवले जाते. जुन्या पेठांतली आणि तालुक्यांच्या गावांतली घरे माळवदी असतात. लाकडी तुळयांवर फळ्या किंवा कडीपाट आणि त्यावर मातीचा थर. पूर्व भागात आणि विडी कामगारांच्या वसाहतींत पत्र्याची घरे पुष्कळ दिसतात. नव्या वस्त्यांत खाली स्लॅब आणि वर मागाहून उभारलेली पत्र्याची खोली, हा प्रकार सर्रास आहे.

लाकडी फळ्या, गवत, बांबू, प्लॅस्टिकचे कापड, ताडपत्री अशा वस्तूंनी केलेली भिंत किंवा छत असेल तर विम्याच्या भाषेत ते कच्चे बांधकाम ठरते. माळवद कोणत्या वर्गात बसवायचे हे एजंटाच्या अंदाजावर सोडू नये. ‘लाकडी तुळया व मातीचे माळवद’ असे शब्द अर्जात स्वच्छ लिहावेत, छताचे फोटो जोडावेत आणि कंपनीने ते स्वीकारल्याची नोंद पॉलिसीच्या पत्रकात आली आहे का ते वाचून पाहावे. हप्ता थोडा वाढला तरी चालेल, कारण चुकीचे वर्णन देऊन घेतलेली पॉलिसी दाव्याच्या दिवशी आपल्याच विरुद्ध उभी राहते.

आता त्या वरच्या पत्र्याच्या खोलीकडे पाहू, कारण वारा सगळ्यांत आधी तिलाच धरतो. पॉलिसी सुरू झाल्यानंतर केलेल्या वाढीव बांधकामामुळे चटई क्षेत्र १० टक्क्यांहून अधिक वाढले असेल, आणि ते कंपनीला कळवून, वाढीव हप्ता भरून पॉलिसीत नोंदवून घेतले नसेल, तर त्या वाढीव भागाचे नुकसान मिळत नाही. वर घेतलेल्या ६०० चौरस फुटांच्या घरात ही मर्यादा ६० चौरस फुटांची झाली. मुलाच्या लग्नाआधी गच्चीवर १० बाय १२ची खोली काढली की १२० चौरस फूट, म्हणजे २० टक्के वाढ. अशा वेळी कंपनीला पत्र किंवा ईमेल पाठवावा, वाढीव हप्ता भरावा आणि त्याचे एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीतला बदल नोंदवणारा कागद, हातात आल्याशिवाय काम झाले असे समजू नये.

घरात यंत्रमाग असेल तर आणखी काळजी घ्यावी लागते. भारत गृह रक्षा ही राहत्या घराची पॉलिसी आहे. माग, बीम, सूत आणि तयार चादरी-टॉवेल हा धंद्याचा माल आहे आणि तो घरसामानात धरला जात नाही. एका ठिकाणची एकूण मालमत्ता ५ कोटी रुपयांपर्यंत असेल तर त्यासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही वेगळी प्रमाणित पॉलिसी आहे. पुढे राहणे आणि मागे कारखाना अशी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांनी दोन्ही भागांचे क्षेत्रफळ वेगळे मोजून दोन पॉलिसी घ्याव्यात. शेडचा पत्रा उडून सूत भिजल्यावर ‘घराचा विमा आहे’ असे सांगून काहीही हाती लागणार नाही.

अपार्टमेंटमध्ये सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांची अडचण निराळी असते. गच्ची सोसायटीची असते आणि तिचा विमा सोसायटीच्या नावाने असावा लागतो. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत इमारतीचा आग आणि भूकंप यांविरुद्ध विमा काढण्याची तरतूद आहे. सोसायटीने घेतलेल्या पॉलिसीत वादळ आणि पूरही आहेत का, हे वार्षिक सभेत विचारून घ्यावे. गृहकर्ज असेल तर बँकेने कर्ज देताना बहुधा पॉलिसी काढलेली असते, तिची प्रत मागून घ्यावी. कित्येक कुटुंबे वर्षानुवर्षे हप्ता भरतात आणि आपल्या घराचा विमा आहे हेच त्यांना माहीत नसते, हे पाहून मला फार वाईट वाटते.

काय मिळत नाही

पॉलिसी पैसे देते ते नमूद केलेल्या घटनेने अचानक झालेल्या नुकसानीचे. स्लॅबला गेली चार वर्षे ओल येत होती आणि यंदाच्या पावसात गिलावा पडला, तर त्याला वादळ कारण नाही. गंजून गेलेला पत्रा, कुजलेली तुळई, बुजलेल्या पन्हाळीमुळे मुरलेले पाणी, ही सगळी देखभालीची कामे आहेत. पण वाऱ्याने पत्रा उचलला आणि त्या उघड्या जागेतून पाऊस आत आला, तर भिजलेल्या सामानाचे मूळ कारण वादळच ठरते. म्हणून दाव्याच्या अर्जात ‘पाणी गळून नुकसान झाले’ असे लिहू नये. जे घडले ते क्रमाने लिहावे: अमुक वाजता वारा सुटला, पूर्वेकडच्या पाख्याचे इतके पत्रे निघाले, त्यानंतर तेथून पाऊस आत आला.

दुरुस्तीचा खर्च मिळतो तो छत घटनेपूर्वी होते तशा स्थितीला आणण्याचा. सिमेंटचे पत्रे फुटले म्हणून रंगीत, जाड, महागडे पत्रे बसवले तर वरचा फरक आपल्यालाच सोसावा लागतो. आपला पत्रा उडून रस्त्यावरच्या मोटारीवर पडला किंवा कोणाला इजा झाली, तर ती भरपाईही या पॉलिसीतून होत नाही. तो दुसऱ्याप्रति असलेल्या उत्तरदायित्वाचा विषय आहे आणि त्याचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते. पत्र्यावर दगड-विटा ठेवून भागवणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी, कारण वाऱ्यात पत्र्याबरोबर ते दगडही खाली येतात आणि त्यात माणसे जखमी होतात.

वळवाच्या आधी

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. उताराच्या छतावर हा जोर खाली दाबण्यापेक्षा वर उचलण्याचा असतो आणि कडा, कोपरे व माथ्याचे आढे यांवर तो सर्वाधिक असतो. म्हणून पत्रा नेहमी कडेपासून सुटतो. मार्च महिन्यात एकदा शिडी लावून कडेचे जे-हूक, म्हणजे पत्रा सांगाड्याला धरून ठेवणारे वाकडे खिळे, बघावेत. हुकाखालचा डांबरी वॉशर वाळून तडकला असेल, नट सैल झाला असेल किंवा छिद्राभोवती गंजाचे कडे दिसत असेल, तर ते हूक लगेच बदलून घ्यावे. ज्या कारागिराकडून काम करून घ्याल त्याची पावती घ्यावी, मग ती रक्कम चारशे रुपयांची का असेना.

या छोट्या पावतीचे महत्त्व मी एका पाहणीच्या वेळी डोळ्यांनी पाहिले आहे. विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करणारे सर्व्हेअर आले, त्यांनी अंगणात पडलेला पत्रा उलटा केला आणि बराच वेळ फक्त हुकाची छिद्रे पाहिली. काही छिद्रे लांबट फाटलेली होती आणि फाटलेल्या कडेचे लोखंड चकाकत होते. हा ताज्या ओढीचा, म्हणजे वाऱ्याचा पुरावा. दोन छिद्रे मात्र गोल, काळपट आणि गंजाने मोठी झालेली होती. त्यांवर प्रश्न निघाला तेव्हा घरातल्या काकूंनी आदल्या वर्षीची हूक बदलल्याची पावती आणि मोबाइलमधले फोटो पुढे केले. सर्व्हेअरांनी ते पाहिले, टिपून घेतले आणि तो प्रश्न तिथेच थांबला.

छताचे फोटो वर्षातून एकदा तरी काढून ठेवावेत: चारही बाजूंनी, आतून तुळया किंवा पाइपांचे, टाकीचे, पॅनेलचे. फोटो मोबाइलमध्येच राहू दिले तर मोबाइलबरोबर जातात, म्हणून ते स्वतःलाच ईमेल करावेत; तारीखही त्यातून सिद्ध होते. पॉलिसी, पत्र्यांची बिले आणि मालमत्ता कराची पावती यांच्या प्रती पुण्या-मुंबईच्या नातेवाइकाकडे पाठवून ठेवाव्यात.

वादळ झाल्यावर

सर्वांत आधी माणसे. विजेची तार पत्र्याला लागली असण्याची शक्यता असते, म्हणून मेन स्विच बंद करून महावितरणला कळवल्याशिवाय ओल्या पत्र्याला हात लावू नये आणि अंधारात वर चढू नये.

उजाडल्यावर काहीही हलवण्याआधी फोटो आणि व्हिडिओ घ्यावेत. छताचे, पडलेल्या पत्र्यांचे, छिद्रांचे जवळून, भिजलेल्या सामानाचे आणि आजूबाजूच्या गल्लीचेही. गल्लीचे फोटो का, तर आपल्याकडचा वळीव फार एकांगी असतो; होटगी रोडला पत्रे उडालेले असतात आणि बाळे भागात रस्ताही भिजलेला नसतो. सोलापुरात हवामान खात्याची वेधशाळा आहे आणि तिच्या नोंदी उपयोगी पडतात, पण त्या दिवशी वाऱ्याचा झोत वेधशाळेपासून लांब असेल तर त्या नोंदीत आपल्या घरावरचे वादळ दिसणार नाही. तेव्हा त्याच गल्लीतले पडलेले झाड, वाकलेला खांब, शेजाऱ्याचे उडालेले शेड आणि दुसऱ्या दिवशीच्या स्थानिक वर्तमानपत्रातील बातमी, हाच आपला पुरावा असतो.

त्याच दिवशी कंपनीच्या हेल्पलाइनवर किंवा ॲपवर कळवून दाव्याचा क्रमांक घ्यावा आणि तो कागदावर लिहून ठेवावा. फोनवर सांगितले तरी पाठोपाठ ईमेल करावा. दाव्याचा अर्ज नुकसान प्रथम लक्षात आल्यापासून ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो. सर्व्हेअर येईपर्यंत कायमची दुरुस्ती करू नये, पण घर उघडेही ठेवू नये. पुढचे नुकसान टाळण्यासाठी शक्य ते करणे ही विमाधारकाची जबाबदारी आहे, म्हणून ताडपत्री टाकावी, सामान कोरड्या खोलीत हलवावे आणि ताडपत्री, दोरी, मजुरी यांची बिले जपून ठेवावीत. तुटलेले पत्रे भंगारवाल्याला देण्याची घाई नको. सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत ते अंगणात राहू द्यावेत.

पाहणीच्या वेळी घरातील जाणत्या माणसाने हजर राहावे आणि शक्य झाल्यास पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिरालाही बोलवावे. अंदाजपत्रक ‘छत दुरुस्ती, एकूण ८५ हजार’ असे एकरकमी नसावे. पत्र्यांची संख्या, लांबी, जाडी, पाइप किंवा अँगलचे वजन, हूक, मजुरी आणि वाहतूक असे वेगवेगळे लिहून घ्यावे, म्हणजे एखाद्या बाबीवर मतभेद झाला तरी बाकीची रक्कम अडत नाही. सर्व्हेअरने जे कागद मागितले आणि आपण जे दिले त्याची तारखेसह पोच ठेवावी.

इर्डाने २०२४ मध्ये घालून दिलेल्या मुदतींनुसार दावा कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमला जावा, नेमणुकीपासून १५ दिवसांत त्याचा अहवाल कंपनीला मिळावा आणि अहवाल मिळाल्यापासून ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यावा. या तारखा वहीत लिहून ठेवाव्यात आणि उशीर झाला की नम्र शब्दांत, पण लेखी, विचारणा करावी. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत आपल्याला मागता येते आणि ती मागावीच.

सरकारी पंचनामा ही स्वतंत्र प्रक्रिया आहे. गावात तलाठ्याकडे, शहरात तहसील किंवा महापालिकेच्या विभागीय कार्यालयाकडे अर्ज देऊन पंचनामा करून घ्यावा आणि त्याची प्रत विमा दाव्यालाही जोडावी. सरकारी माणसाने पाहून लिहिलेला कागद म्हणून त्याला वजन असते. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या आपत्ती मदतीच्या निकषांत किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये आणि कच्च्या घराला ४,००० रुपये मदत आहे. आजच्या दराने एवढ्यात एका पाख्याचे पत्रेही येत नाहीत. ही मदत आपल्या हक्काची आहे आणि ती घ्यावी, पण घर सावरण्यासाठी ती पुरेल असे धरून चालू नये.

दावा नाकारला तर

नकार लेखी मागावा आणि त्यात पॉलिसीचे नेमके कलम लिहिले आहे का ते पाहावे. ‘जुने छत होते’ हे कलम नव्हे. छत जुने असले तरी वाऱ्याने उडाले असेल तर प्रश्न रकमेचा उरतो, संपूर्ण नकाराचा उरत नाही, असे आपल्या उत्तरात स्पष्ट मांडावे आणि सोबत फोटो, पावत्या, पंचनामा जोडावा. हे उत्तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवायचे असते. तिथे दाद लागली नाही तर इर्डाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

त्यापुढची पायरी विमा लोकपालाची. सोलापूर जिल्हा पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयाच्या कक्षेत येतो. तेथे शुल्क लागत नाही, वकील लागत नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतच्या दाव्यांची तक्रार करता येते. कंपनीने तक्रार फेटाळली असेल, किंवा तक्रार मिळून महिना झाला तरी उत्तर दिले नसेल, तर लोकपालांकडे जाता येते. मात्र हे त्यानंतर एका वर्षाच्या आत करायला हवे. हाच विषय आधी ग्राहक आयोगात किंवा न्यायालयात नेलेला असेल तर लोकपाल तो ऐकत नाहीत, म्हणून सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जायचे की लोकपालांकडे, हे अर्ज करण्याआधी ठरवावे. लहान रकमेच्या छताच्या दाव्यासाठी मी आधी लोकपालांकडेच जायला सांगतो. नकाराच्या पत्रावरची तारीख आणि ते पत्र प्रत्यक्ष हाती पडल्याची तारीख वेगळी असू शकते, म्हणून पाकीट फेकून न देता त्याच पत्राला टाचून ठेवावे.